निराधारचा पगार थांबला, तर मागचे पैसे कसे मागायचे

आमच्याकडं या पैशाला कुणी अनुदान म्हणत नाही. कागदावर ‘संजय गांधी निराधार अनुदान योजना’ असं लांब नाव आहे. पण बीड, परभणी, हिंगोलीकडच्या कुठल्याही गावात बँकेच्या ओट्यावर बसलेल्या बायकांना विचारा, त्या म्हणतील ‘पगार’. ‘पडला का गं पगार?’ ‘कुठं पडला, दोन महिने झाले.’ मला हा शब्द फार मोलाचा वाटतो. अनुदान कुणीतरी देतं, पगार आपला असतो. तो का थांबला असं माणूस विचारू शकतो, आणि मागं राहिला असेल तर तोही मागू शकतो.

मागं राहिलेला हा पगार नेमका कुठं अडकतो, तो मागायचा कसा, आणि मधूनमधून होणाऱ्या पडताळणीत नाव का गळतं, एवढंच इथं सांगायचं आहे. दिव्यांग माणसांच्या बाजूनं सांगतो, कारण त्यांना कागद दुप्पट लागतात. एक गठ्ठा गरिबीचा, दुसरा अपंगत्वाचा.

गेल्या डिसेंबरात माझी मावशी पासबुक घेऊन आली. तिचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला, सर्टिफिकेटवर ५५ टक्के. नवरा वारून बारा वर्षं झाली. ‘लेका, बघ बरं यात काय झालंय. कुनी म्हनतं आधार लिंक कर, कुनी म्हनतं हयातीचा दाखला दे, कुनी म्हनतं वरूनच पैसे आले नाईत. म्या कुनाचं खरं धरू?’ पासबुक भरून आणलं, वर्षाचे महिने एका कागदावर ओळीनं लिहिले आणि प्रत्येकासमोर जमा झालेली रक्कम मांडली. तेव्हा दिसलं, की तिला एकाच वर्षात तीन निरनिराळ्या ठिकाणी फटका बसला होता. एप्रिल आणि मे कोरे. जून, जुलै, ऑगस्टही कोरे, पण त्याचं कारण निराळं. आणि ऑक्टोबरपासून पैसे येत होते, पण कमी.

कुणाचेही मागचे पैसे शोधायचे असतील तर सुरुवात या बारा ओळींपासून करावी. ‘माझे पैसे येत नाहीत’ या वाक्याला कार्यालयात उत्तर मिळत नाही. ‘एप्रिल आणि मे २०२५ चे पैसे जमा नाहीत’ असं म्हटलं की समोरच्याला संगणक उघडून पाहावंच लागतं.

आता मुळापासून. ही योजना राज्य सरकारनं १९८० साली सुरू केली. ६५ वर्षांच्या आतल्या निराधारांसाठी ती आहे: विधवा, परित्यक्ता, दुर्धर आजारी आणि दिव्यांग. ६५ नंतर माणूस श्रावणबाळ योजनेत जातो. दिव्यांगाला किमान ४० टक्के अपंगत्वाचं प्रमाणपत्र लागतं आणि महाराष्ट्रात १५ वर्षांचं वास्तव्य लागतं. उत्पन्नाची अट इतरांसाठी कुटुंबाला वर्षाला २१,००० रुपये आहे, दिव्यांगांसाठी ५०,००० रुपये. हा फरक पुष्कळांना ठाऊकच नसतो. एखाद्याचा अर्ज उत्पन्न जास्त म्हणून परत आला असेल तर तो कोणत्या प्रवर्गात भरला होता, ते आधी बघावं.

रक्कम वेळोवेळी वाढत गेली. जुलै २०२३ पासून ती महिना १,५०० रुपये झाली, आणि ऑक्टोबर २०२५ पासून फक्त दिव्यांगांसाठी २,५०० रुपये. दिव्यांग हक्क कायदा २०१६ सालचा. त्याच्या कलम २४ मध्ये लिहिलं आहे की, सरकारच्या आर्थिक कुवतीत राहून, अशा योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा किमान २५ टक्के जास्त मदत असावी. तरी कितीतरी वर्षं दोघांना सारखीच रक्कम मिळत राहिली. घरात एक माणूस अंथरुणाला असला की दवाखाना, गाडीभाडं आणि सोबतच्या माणसाचा बुडालेला रोज, असा तिहेरी खर्च असतो. २,५०० ही रक्कम तशी उशिराच आली.

ज्यांचं अपंगत्व ८० टक्के किंवा त्याहून जास्त आहे, वय १८ ते ७९ आहे आणि घर दारिद्र्यरेषेखाली आहे, ते केंद्राच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेत बसतात. त्यात केंद्राचे ३०० रुपये असतात आणि उरलेली भर राज्य घालतं. म्हणून अशा माणसाच्या पासबुकात कधी ३०० रुपयांची सुटी नोंद दिसली तर पगार घटला असं समजून घाबरू नये. दुसरा हिस्सा आला का ते तपासावं.

मावशीचे एप्रिल आणि मे का कोरे राहिले? लाभार्थी जिवंत आहे याची वर्षातून एकदा खात्री करतात, साधारण जानेवारी ते मार्च या दिवसांत. त्यालाच हयातीचा दाखला म्हणतात. बीड जिल्ह्यात राहणाऱ्या माणसाला हे महिने ऐकूनच अडचण कळेल. तेव्हा निम्मं गाव उसाच्या फडात असतं. दिवाळी झाली की मुकादमाची उचल (आगाऊ पैसे) घेतलेले कोयते, म्हणजे ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि कारखान्याचा हंगाम संपून पट्टा पडल्यावर, म्हणजे मार्च-एप्रिलच्या सुमारास, परत येतात. घरातलं अपंग माणूस एकतर फडाजवळच्या कोपीवर, म्हणजे झोपडीत, नेलेलं असतं, लेकरं सांभाळायला, नाहीतर गावात मागं राहिलेलं असतं आणि त्याला तालुक्याला नेणारं कुणी नसतं. मावशीला तिच्या पोरानं सोबत नेलं होतं. ती परत आली तेव्हा यादी बंद झाली होती.

या पैशांच्या बाबतीत माझं म्हणणं स्पष्ट आहे. मावशी एप्रिल-मे महिन्यांत जिवंत होती, गरीब होती आणि अपंगही होती. पात्रतेतलं काहीच बदललं नव्हतं, फक्त एक कागद उशिरा पोचला. म्हणून दाखला देताना नुसता दाखला देऊ नये. सोबत एक अर्ज जोडावा: ‘मी या काळात हयात व पात्र होते, कामानिमित्त जिल्ह्याबाहेर असल्यानं दाखला देता आला नाही, तरी खंडित काळाचं अर्थसहाय्य मिळावं.’ नुसत्या दाखल्यावर पुढचा पगार सुरू होतो आणि मागचे महिने तसेच कोरे राहतात, कारण ते कुणी मागितलेलेच नसतात. फडावर जाणाऱ्या घरांनी जमेल तर जाण्याआधीच तहसीलच्या संजय गांधी विभागात विचारून ठेवावं की दाखला कधीपासून घेणार.

अंगठ्याचंही एक बघा. आयुष्यभर कोयता, खुरपं धरलेल्या हाताचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. मग ‘मशीन घेत नाही’ म्हणून माणूस परत पाठवला जातो. ठसे हा एकच मार्ग नाही. डोळ्याची बुबुळं किंवा चेहरा पाहूनही आधारची ओळख पटवता येते. तसं करा, असं आपणच म्हणावं लागतं.

दुसऱ्या भोकात, म्हणजे जून ते ऑगस्टमध्ये, मावशीचे पैसे सरकारनं दिले होते आणि मावशीला मिळाले नव्हते. दोन्ही खरं होतं. पूर्वी तहसीलमधून बँकेला यादी जायची, यादीत खाते क्रमांक असायचा. आता पैसे थेट लाभ हस्तांतरणानं येतात, म्हणजे आधार क्रमांकावर. एका आधारशी माणसाची चार खाती जोडलेली असू शकतात, पण सरकारी पैसे त्यांतल्या एकाच खात्यात उतरतात, आणि ते खातं म्हणजे सगळ्यात शेवटी या कामासाठी जोडलेलं. देशभराची ही नोंद राष्ट्रीय पेमेंट महामंडळाकडं असते. मावशीनं मे महिन्यात नवीन सिमकार्ड घेतलं, दुकानदारानं दोनदा अंगठा लावून घेतला, आणि सिमसोबत तिच्या नावानं एक मोबाइलवरचं खातं उघडलं गेलं. जूनपासूनचा पगार तिकडं गेला. तिला खातं आहे हेच माहीत नव्हतं.

इथं दोन गोष्टींची गल्लत होते आणि त्यात माणसांचे हेलपाटे होतात. बँकेत केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवण्यासाठी, आधार देणं वेगळं आणि सरकारी पैसे याच खात्यात यावेत म्हणून आधार सीडिंग करणं वेगळं. बँकेचा कर्मचारी ‘तुमचं आधार लिंक आहे’ म्हणतो, तो पहिल्याबद्दल बोलत असतो. आपण विचारायचं असतं ते दुसऱ्याबद्दल. आधारच्या संकेतस्थळावर बँक सीडिंगची स्थिती दिसते. सेतू केंद्रावर किंवा घरातल्या शिकलेल्या पोराकडून ती पाहून घ्यावी. तिथं जी बँक दिसेल, तिथंच पैसे आहेत. मावशीचे ४,५०० रुपये तसेच्या तसे सापडले. सप्टेंबरपासून पगार पुन्हा जुन्या खात्यात येऊ लागला होता. कारण ऑगस्टअखेर तिच्या सुनेनं ग्रामीण बँकेत एक फॉर्म भरला होता आणि त्यानंच सीडिंग बदललं होतं.

तिसरं कारण सर्वांत महत्त्वाचं वाटतं, कारण त्यात पगार थांबत नाही, म्हणून कुणाला कळतही नाही. ऑक्टोबरपासून दिव्यांगांना २,५०० झाले, मावशीला मात्र १,५००च येत राहिले. का? कारण बारा वर्षांपूर्वी नवरा वारला तेव्हा तिचा अर्ज विधवा म्हणून भरला होता. तेव्हा रक्कम सारखीच, म्हणून कुणाला फरक वाटला नाही. आज तिची नोंद ‘विधवा’ आहे, ‘दिव्यांग’ नाही. अशा किती बाया मराठवाड्यात असतील! ज्या घरात दिव्यांग विधवा आहे, तिथं आजच मंजुरीचा जुना कागद काढून प्रवर्ग कोणता लिहिलाय ते बघा. दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं देशभर चालणारं ओळखपत्र) जोडून प्रवर्ग बदलून मागता येतो, आणि फरकाची रक्कमही त्याच अर्जात मागावी. मावशीच्या बाबतीत तेव्हा ऑक्टोबर आणि नोव्हेंबर असे दोन महिने झाले होते, म्हणजे २,००० रुपये. तिन्ही मिळून हिशेब साडेनऊ हजारांचा.

आता नव्या अर्जांचं. सेतूत अर्ज भरला जातो, तलाठी चौकशी करतात, मग तालुका समितीपुढं प्रकरण जातं, समिती मंजूर करते आणि नाव पोर्टलवर चढतं. समितीची बैठक कधी होईल याचा नेम नसतो. आचारसंहिता लागली तर ती पुढं जाते. अर्ज जानेवारीत दिला, मंजुरी ऑगस्टमध्ये झाली, तर मधल्या महिन्यांचं काय, हा प्रश्न सगळे विचारतात. मंजुरीच्या आदेशात लाभ कोणत्या महिन्यापासून असं लिहिलेलं असतं, आणि हिशेब त्या महिन्यापासून धरला जातो. म्हणून मंजुरीची प्रत हातात घेणं अत्यंत जरुरीचं आहे. ‘मंजूर झालंय, जा’ एवढ्यावर घरी येऊ नये. समजा आदेश जून २०२५ पासूनचा आहे, माणूस दिव्यांग प्रवर्गात आहे आणि पहिला पैसा जानेवारी २०२६ मध्ये पडला. मग जून ते सप्टेंबर चार महिन्यांचे ६,००० आणि ऑक्टोबर ते डिसेंबर तीन महिन्यांचे ७,५००, असे १३,५०० रुपये मागचे. एवढा हिशेब आपण लिहून नेला, की समोरच्याला तो खोडायला कारण सांगावं लागतं.

किती मागं जाता येतं? याबाबत सर्वोच्च न्यायालयाचा २००८ सालचा एक निकाल वारंवार सांगितला जातो, भारत सरकार विरुद्ध तरसेम सिंग. हे सैनिक १९८३ साली आजारपणामुळं सैन्यातून बाहेर पडले आणि अपंगत्व निवृत्तिवेतनासाठी १९९९ साली न्यायालयात गेले. म्हणजे सोळा वर्षांनी. न्यायालयानं म्हटलं की निवृत्तिवेतन न देणं ही दर महिन्याला नव्यानं घडणारी चूक आहे, म्हणून उशीर झाला तरी हक्क मरत नाही; पण मागची थकबाकी मात्र याचिका दाखल करण्याआधीच्या तीन वर्षांपुरतीच. तो खटला सैनिकाच्या निवृत्तिवेतनाचा होता, आपली योजना वेगळी आहे. तरी थकबाकीकडं न्यायालय कसं बघतं ते त्यातून कळतं. पुढचा पगार मिळेल, पण गप्प बसलेली जुनी वर्षं हातातून जातात. तोंडी विचारणा त्यात धरली जात नाही. लेखी अर्ज आणि त्यावरचा शिक्का, सही, तारीख, म्हणजे आपण ज्याला पोच म्हणतो, ती धरली जाते.

पडताळणीचा दुसरा भाग दवाखान्यातला आहे, आणि तिथं लोक जास्त भितात. जुनी हातानं लिहिलेली सर्टिफिकेटं आता यूडीआयडीत आणावी लागतात, म्हणजे पुष्कळदा पुन्हा तपासणी. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा, मग जिल्हा रुग्णालयात, नाहीतर संभाजीनगरचं घाटी हे सरकारी रुग्णालय किंवा अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ रुग्णालय अशा ठिकाणी ठरलेल्या वारी जायचं. कार्डाचा रंग टक्क्यांवर ठरतो: ४० च्या खाली पांढरं, ४० ते ८० पिवळं, ८० आणि वर निळं.

टक्के कसे ठरतात, हे न कळल्यानं पुष्कळ वाद होतात. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा धडधाकट असला, तर ते ३० टक्के धरलं जातं. म्हणजे पगारासाठी लागणारे ४० भरत नाहीत. डॉक्टरांनी पैसे खाल्ले म्हणून कमी लिहिलं, असं गावात बोललं जातं. तो सूत्राचा भाग आहे. दुसरं, दोन अपंगत्वं असली तर टक्क्यांची सरळ बेरीज होत नाही. पायाचं ५० आणि कानाचं ३०, तर ८० होत नाहीत. सरकारी मार्गदर्शक सूचनांतलं सूत्र असं: मोठा आकडा तसाच घ्यायचा, ९० मधून तो वजा करून जे उरेल, त्याला लहान आकड्यानं गुणायचं आणि ९० नं भागायचं, ते मोठ्या आकड्यात मिळवायचं. इथं ९० वजा ५० म्हणजे ४०, गुणिले ३० म्हणजे १,२००, भागिले ९० म्हणजे साधारण १३. एकूण ६३ टक्के. केंद्राच्या योजनेसाठी ८० हवेत म्हणून कुणी आधीच बेरीज करून बसलं असेल, तर त्यानं हे गणित मांडून पाहावं.

प्रमाणपत्र दोन प्रकारचं असतं. ज्या अपंगत्वात फरक पडण्याची शक्यता नाही, त्याला कायमचं. ज्यात पडू शकतो, त्याला मुदतीचं, आणि त्यावर मुदत छापलेली असते. पगार अचानक बंद होण्यामागं ही संपलेली मुदत असू शकते. ती तारीख कॅलेंडरवर आत्ताच लिहून ठेवावी आणि दोन-तीन महिने आधी दवाखान्याची वाट धरावी.

नव्या तपासणीत टक्के ४० च्या खाली आले, किंवा प्रमाणपत्रच नाकारलं, तर? वैद्यकीय अधिकाऱ्यानं कारण लेखी कळवलं पाहिजे, असं नियम सांगतात. आणि दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९ खाली त्याविरुद्ध अपील करता येतं. अपील करताना जुने केस पेपर, एक्स-रे, ऑपरेशनचे कागद सगळे जोडावे. पोलिओसारखं अपंगत्व पन्नास वर्षांनी कमी होत नसतं. टक्के उतरले असतील तर मोजण्यात फरक पडला आहे, एवढं शांतपणे म्हणता येतं. खोटेपणानं दिव्यांगांचे लाभ घेणाऱ्यांना कलम ९१ खाली दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहेत, आणि ते असायलाच हवं. खोट्यांमुळं खऱ्यांच्या रांगा वाढतात. पण पडताळणी म्हणजे आरोप नव्हे, हे रांगेतल्या माणसाला कुणीतरी सांगायला हवं. मावशी तपासणीला जाताना दिवसभर जेवली नव्हती. ‘चाललेलं बघून म्हनतील, ही तर चालती’ ही तिची भीती.

लाडकी बहीण आल्यापासून आणखी एक चाळणी लागली आहे. दुसऱ्या सरकारी योजनेतून महिना १,५०० किंवा जास्त घेणाऱ्या बाईला ते पैसे मिळत नाहीत. काही घरांत दोन्ही अर्ज भरले गेले आहेत. असं असेल तर स्वतःहून लेखी कळवून मोठ्या रकमेची योजना ठेवावी. दिव्यांग बाईसाठी ती निराधारची आहे.

अर्जाला उत्तरच आलं नाही तर माहिती अधिकार वापरा. दहा रुपयांचं तिकीट, दारिद्र्यरेषेखालील माणसाला तेही नाही. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं, नाहीतर पहिलं अपील. त्यात भांडण लिहू नये, प्रश्न लिहावेत: माझ्या अर्जाची सद्यस्थिती काय, अमुक महिन्यांची रक्कम कोणत्या तारखेला कोणत्या बँकेकडं गेली, परत आली असल्यास कारण काय, माझा प्रवर्ग कोणता नोंदला आहे. त्यानंही हललं नाही तर पुण्याला राज्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त आहेत. आणि तालुक्याच्या कोर्टातच विधी सेवा समिती असते. १९८७ च्या कायद्यानं दिव्यांग माणसाला वकील फुकट मिळतो, त्याचं उत्पन्न कितीही असो. हे मी भेटेल त्याला सांगतो, आणि बहुतेकजण पहिल्यांदाच ऐकत असतात.

मावशीचं इतकंच झालं: सिमच्या खात्यातले ४,५०० तिच्या हातात आले. प्रवर्ग बदलून दिव्यांग झाला आणि जानेवारीचा पगार २,५०० पडला. फरकाचे आणि एप्रिल-मेचे पैसे अजून यायचे आहेत. त्या दोन्ही अर्जांच्या पोची तिनं देव्हाऱ्यातल्या डब्यात ठेवल्या आहेत, पोथीच्या खाली. परवा फोन आला होता. यंदा पोरगा फडावर गेला तरी ती गेली नाही. ‘औंदा म्या हिथंच थांबलेय,’ म्हणाली, ‘दाखल्याला कधी जायचं तेवढं सांग.’